जड बंदूक आणि तिच्यावरील दुर्बीण

बंदुकीचा व्यवहार माणसाच्या दोन अवयवांशी असतो. एक खांदा व दुसरा डोळा. ह्या दोघांचे हित एक असतेच असे नाही. गोळी जितकी जड व वेगवान, तितका खांद्यास बसणारा धक्का मोठा. आणि धक्का जितका मोठा, तितका डोळा बंदुकीपासून दूर राहिलेला बरा. दुर्बिणीचा धर्म नेमका ह्याच्या उलट आहे. डोळा भिंगाजवळ आल्यावाचून ती काही दाखवीत नाही. तेव्हा मोठ्या शिकारी बंदुकीवर कोणती दुर्बीण बसवावी, हा प्रश्न वरकरणी दुकानदाराच्या गल्ल्यापुढचा वाटला, तरी त्याच्या उत्तरासाठी कारागिरांच्या तीन-चार पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय संपविला, व तो संपला हे उचितच झाले. परंतु आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या जुन्या घरांत, मेलेल्या वाघापाशी बंदूक टेकवून उभ्या राहिलेल्या कोणा पूर्वजाचे वा पूर्वजाच्या साहेबाचे पिवळे पडलेले छायाचित्र अद्याप असेल. त्या चित्रातील वाघाकडे व मिशांकडे सर्वांचे लक्ष जाते. बंदुकीकडे सहसा जात नाही. आम्हांस येथे त्या बंदुकीविषयीच बोलावयाचे आहे.

आरंभ आपल्याच प्रांतापासून करू. नाशिक जिल्हा १८६९ साली अस्तित्वात आला. त्यापूर्वी मालेगाव, बागलाण हे तालुके खानदेशात मोडत, आणि त्या काळच्या खानदेशाइतका वाघांचा सुळसुळाट दख्खनेत क्वचितच कोठे असेल. १८२५ साली जेम्स औटरॅम नावाचा बाविशीतला लष्करी अधिकारी भिल्लांची पलटण उभारण्यासाठी तेथे आला. धरणगावी त्याने ठाणे दिले. भिल्लांचा विश्वास कसा संपादावा हा त्याच्यापुढील पहिला प्रश्न होता, व त्याचे उत्तर त्याने त्यांच्याबरोबर पायी शिकार करून दिले. १८२५ ते १८३४ ह्या काळात त्याने व त्याच्या सोबत्यांनी केलेल्या शिकारीची मोजदाद उपलब्ध आहे. २३५ वाघ, २५ अस्वले, १२ रेडे व १६ बिबटे मारले गेले, असे ती सांगते. चरित्रकार ह्या आकड्यांवर खूष होतात. पण त्याच मोजदादीत आणखी एक रकाना आहे, आणि आमची नजर त्यावर अधिक वेळ खिळते. २२ वाघ, १४ अस्वले व ५ रेडे घायाळ होऊन निसटले. अस्वलांचे प्रमाण पाहावे. पंचवीस पडली तेव्हा चौदा रक्त सांडीत झाडीत शिरली.

घायाळ जनावर निसटणे म्हणजे काय, हे साहेबाहून हाकाऱ्यास अधिक ठाऊक असे. बंदूक साहेबाच्या हाती. झाडीत शिरून रक्ताचा माग काढावयाचा तो भिल्लाने, हातात धनुष्य किंवा नुसती काठी घेऊन. जो वाघ लंगडा झाला, ज्याचा जबडा मोडला, त्यास हरिण धरवत नाही. मग तो गुराख्याकडे वळतो. नरभक्षकांच्या कित्येक हकिगतींच्या मुळाशी कोणाची तरी चुकलेली गोळी सापडते. म्हणून बंदुकीच्या सुधारणेचा पुढील सारा इतिहास आम्ही ह्या दुसऱ्या रकान्याचा इतिहास म्हणून वाचतो. जनावर मरावे की मरू नये हा वाद वेगळा. पण मारावयाचेच तर ते जागच्या जागी मरावे, एवढे तरी शिकाऱ्यास साधले पाहिजे होते, व ते त्यास फार काळ साधत नव्हते.

औटरॅमच्या काळची बंदूक तोंडाकडून ठासावयाची असे. गोळी शिशाची, वाटोळी. सपाट नळीतून सुटलेली अशी गोळी पन्नास-साठ पावलांपलीकडे कोठे जाईल ह्याची हमी नसे, आणि मोठ्या जनावराच्या अंगात ती पुरेशी खोल शिरत नसे. ह्या दोन दोषांपैकी दुसऱ्यावर शिकाऱ्यांनी प्रथम हात घातला, कारण उपाय सोपा होता. गोळी मोठी करा, दारू वाढवा. त्या काळी नळीचे माप ‘बोअर’ने सांगत. एक पौंड शिशाच्या बारा गोळ्या पडल्या तर ती बारा बोअरची बंदूक, चारच पडल्या तर चार बोअरची. म्हणजे आकडा जितका लहान तितकी बंदूक मोठी. सर सॅम्युअल बेकर ह्या सुप्रसिद्ध शिकारी-प्रवाशाने तर हॉलंडच्या कारखान्यातून एक अशी बंदूक करवून घेतली, की जिचे वजन वीस पौंड व जिची स्फोटक गोळी अर्ध्या पौंडाची होती. तिचे नाव त्याने लाडाने ‘बेबी’ ठेविले होते. आफ्रिकेतील अरब तिला तोफेचे पोर म्हणत, आणि त्यांचे नाव अधिक खरे होते. बेकर चांगला धिप्पाड गृहस्थ. पण तिचा बार काढला की तो वाऱ्यावरच्या फिरकीसारखा गरकन फिरे, आणि पुढे पुढे तिला हात लावण्याचेच त्यास भय वाटू लागले. ज्या हत्याराची त्याच्या धन्यालाच धास्ती, त्याचा नेम कितपत साधेल ते सांगावयास नको. चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटतात आणि खांदा आकसतो.

हा धक्का येतो कोठून? न्यूटनच्या तिसऱ्या नियमात त्याचे उत्तर आहे. गोळी व तिच्यामागची जळती दारू जितक्या आवेगाने पुढे जाते, तितक्याच आवेगाने बंदूक मागे येते. ह्यातून पळवाट नाही. बंदूक जड करावी तर धक्क्याचा वेग घटतो. पण मग ती डोंगर चढून नेणार कोण? तोफखान्याने ही अडचण निराळ्या रीतीने सोडविली. १८९७ पूर्वी प्रत्येक बाराबरोबर मैदानी तोफ गाड्यासकट मागे उडे व दर वेळी नव्याने नेम धरावा लागे. त्या साली फ्रेंचांनी आपल्या ७५ मिलिमीटरच्या तोफेस तेल व दाबलेली हवा ह्यांचे नळकांडे जोडले. नळी एकटीच मागे सरकून परत जागेवर येऊ लागली, गाडा व त्यावरील नेमाची साधने स्वस्थ राहिली. देवळालीच्या तोफखाना शाळेचे आवाज ऐकत वाढलेल्या नाशिककरांस ही गोष्ट चटकन पटेल. खांद्यावरून उडवावयाच्या बंदुकीत मात्र अशा यंत्रास जागा नाही. तेथे माणसाचा खांदा हेच ते नळकांडे.

दुसऱ्या दोषाचा, म्हणजे नेमाचा, खोल विचार करणाऱ्यांत जेम्स फोरसिथ ह्याचे नाव आम्ही आदराने घेऊ. मध्य प्रांतातील सातपुड्याच्या रानांत वावरलेला हा अधिकारी. त्याने १८६३ साली शिकारी बंदुकीवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. नळीतील आट्यांचा पीळ अगदी थोडा ठेवावा, म्हणजे वाटोळी गोळी भरपूर दारूनेही आट्यांवरून न घसरता वेगाने सुटेल. वेग अधिक म्हणजे तिचा मार्ग सरळ, आणि मार्ग सरळ म्हणजे रानात जेथे वाघ दिसतो त्या अंतरापर्यंत पल्ल्याचा अंदाज बांधण्याची गरजच नाही. येथे प्रथमच कोणी गोळीचा विचार डोळ्याच्या बाजूने केलेला आढळतो. फोरसिथ १८७१ साली मरण पावला. त्याच्या बंदुकीचाही जमाना लवकरच गेला. पण प्रश्न मांडण्याची त्याची रीत टिकली.

१८९८ च्या सुमारास लंडनच्या रिग्बीने कॉर्डाइट ह्या निर्धूर दारूची .४५० बोअरची दुनळी काढली, आणि जुनी चार बोअरची धुडे एकाएकी म्हातारी दिसू लागली. आता एक औंसाहून थोडी अधिक वजनाची लांबट गोळी पूर्वीच्या पाव पौंडी गोळीचे काम करू लागली. परंतु सरकारास ह्या मापाची निराळीच चिंता लागली. मार्टिनी-हेन्री ही लष्करी बंदूकही ह्याच मापाची. सरहद्दीवरील बंडखोरांच्या हाती त्यांच्या गोळ्या लागतील ह्या भयाने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात.४५० बोअरवर बंदी आली. कारखानदारांनी मग .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे काढली. आज जगातील मोठ्या शिकारी बंदुकांच्या मापांत ही जी विचित्र गर्दी दिसते, तिचे एक कारण हिंदुस्थान सरकारची ती धास्ती होय. १८७८ च्या हत्यार कायद्याने येथील सामान्य माणसाच्या हातची बंदूक आधीच परवान्यात अडकली होती. अर्थात धास्ती खोटी ठरली असे नाही; १९०९ च्या डिसेंबरात नाशकातच, विजयानंद नाट्यगृहात, कलेक्टर जॅक्सनवर जी गोळी सुटली तिला .४५० बोअरची गरज पडली नाही.

आता दुर्बिणीकडे वळू. बंदुकीवर दुर्बीण बसविण्याची कल्पना कॉर्डाइटहून जुनी आहे. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेकडील नेमबाज व्हिटवर्थ बंदुकीच्या डाव्या अंगास जी दुर्बीण लावीत, ती डेव्हिडसन नावाच्या गृहस्थाच्या योजनेची होती. आणि हा लेफ्टनंट कर्नल डेव्हिडसन आपल्या मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी करून विलायतेस परतलेला होता, हे आमच्या वाचकांस नवल वाटेल. पुढे १८८० साली ऑस्ट्रियातील ऑगस्ट फीडलर ह्या वनाधिकाऱ्याने शिकारीस खरोखर उपयोगी पडेल अशी दुर्बीण बनविली, आणि शतक संपता संपता व्हिएन्नाच्या काहलेस कारखान्यातून अशा दुर्बिणी विक्रीस येऊ लागल्या. हरिण व डोंगरी बोकड मारणाऱ्या युरोपीय शिकाऱ्याने त्या आनंदाने उचलल्या. हिंदुस्थानात वाघ, गवा व हत्ती ह्यांच्या मागे जाणाऱ्याने मात्र नाकारल्या. आपल्या दुनळीच्या माशीवर हस्तिदंताचा पांढरा मणी आणि मचाणावरच्या चांदण्या रात्रीसाठी त्याहून मोठा उघडता मणी, एवढ्यावर तो कित्येक वर्षे समाधान मानून राहिला.

ह्यास लोक जुनाट हट्ट म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. त्याच्याजवळ तीन सबळ कारणे होती.

पहिले कारण भुवईचे. त्या काळच्या बहुतेक दुर्बिणींत डोळा भिंगापासून दोन-तीन इंचांवर आला तरच पूर्ण चित्र दिसे. जड बंदूक मागे आली की पितळी कडा थेट भुवईवर आदळे आणि चंद्रकोरीच्या आकाराची जखम करी. चढावर नेम धरताना किंवा पालथे पडून बार काढताना चेहरा नकळत पुढे सरकतो. तेव्हा तर हा प्रसाद हमखास. एकदा रक्त निघाले की पुढच्या शंभर बारांना डोळा आपोआप मिटतो, म्हणजे दुर्बीण ज्यासाठी लावली तेच जाते.

दुसरे कारण दुर्बिणीच्या प्रकृतीचे, आणि ते आकड्यांनीच नीट समजेल. .३७५ बोअरची बंदूक घेऊ. १९१२ साली निघालेले हे माप आजही सर्वांत समंजस मानले जाते. हिची १९ ग्रॅमची गोळी सेकंदास सुमारे ७७० मीटर वेगाने निघते. चार किलोंच्या आसपासची बंदूक, गोळी नळीत असतानाच, सेकंदाच्या जेमतेम दीड सहस्रांशात, शून्यापासून सेकंदास चार मीटर वेगाने मागे येते. हे प्रवेगन पृथ्वीच्या ओढीच्या पावणेतीनशे पट भरते. अर्धा किलो वजनाची दुर्बीण त्या क्षणी आपल्या बैठकीस सुमारे एकशे पस्तीस किलोंच्या ओझ्यासारखी ओढते. कारण बंदूक मागे जाऊ पाहते आणि दुर्बीण जडत्वामुळे होती तेथेच राहू पाहते. हा ताण चार बारीक स्क्रूंवर व आतल्या नाजूक फुलीवर पडतो. जुन्या दुर्बिणींतली फुली कधी कोळ्याच्या तंतूची असे. बाराचा आवाज विरतो न विरतो तो फुली तुटलेली किंवा भिंग सरकलेले, आणि शिकाऱ्यास ते कळावयाचे पुढच्या वाघाच्या वेळी.

तिसरे कारण आपल्या पावसाचे. इगतपुरीस वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. पेठ-सुरगाण्याच्या रानांतही ओल काही कमी नाही. अशा हवेत दुर्बिणीच्या आत धुके धरते आणि भिंगांवर बुरशी चढते. बुरशीचे जाळे एकदा काचेत शिरले की पुसून निघत नाही. साध्या माशीला बुरशी लागत नाही.

हे तिन्ही दोष हळूहळू दूर झाले. १९३५ साली झाइसच्या कारखान्यात आलेक्झांडर स्माकुला ह्याने भिंगावर अतिशय पातळ लेप देण्याची युक्ती काढली. तीमुळे काचेवरून परतून वाया जाणारा प्रकाश आत जाऊ लागला, व तिन्हीसांजेस चित्र उजळ दिसू लागले. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लुपोल्डने नळीतील दमट हवा काढून तीत नायट्रोजन भरून ती बंद केली. डोळ्याचे अंतर साडेतीन-चार इंचांपर्यंत वाढले. फुली धातूच्या तारेची किंवा काचेवर कोरलेली झाली. तेव्हा आज आफ्रिकेत जेथे कायद्याने मोठी शिकार चालते तेथे, किंवा पिसाळलेल्या हत्तीस आवरावयास जाणाऱ्या अधिकाऱ्याने, जड बंदुकीवर दुर्बीण निवडावी ती कशी, हे बरेचसे ठरून गेले आहे. त्यातील मर्म मात्र नवख्यास उलटे वाटते.

नवखा प्रथम विचारतो, ही किती पट मोठे दाखवते? जड बंदुकीच्या बाबतीत हा प्रश्न शेवटचा असावा. मोठे जनावर जवळून मारले जाते. तेथे दहा पट मोठे दाखविणारी दुर्बीण भिंगभर केसाळ कातडे दाखवील, पण तो खांदा की कुल्ला हे सांगणार नाही. एक ते चार पट पुष्कळ झाली. पट कमी असण्याचा आणखी एक लाभ आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासास पटीने भागले की डोळ्यापाशी पडणाऱ्या प्रकाशाच्या टिकलीचा व्यास निघतो. २४ मिलिमीटरचे भिंग व चार पट, तर टिकली ६ मिलिमीटरची. अंधारात माणसाची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते, उतारवयात पाचच. म्हणजे ह्याहून मोठे, जड भिंग घेऊन मिळावयाचे फारसे काही नाही. उलट दीड किंवा दोन पटीवर टिकली इतकी मोठी होते की डोळा थोडा इकडेतिकडे असला तरी चित्र हरवत नाही. धावून येणाऱ्या जनावरापुढे हीच गोष्ट प्राण वाचविते.

मग पाहावयाचे ते डोळ्याचे अंतर. साडेतीन इंचांखाली काही असेल तर ती दुर्बीण, कितीही नामांकित असो, जड बंदुकीची नव्हे. पुष्कळदा कारखानदार कमी पटीवरचे अंतर छापतो आणि पट वाढविली की ते गुपचूप घटते. तेव्हा सर्वांत मोठ्या पटीवर डोळा लावून पाहावे. त्यानंतर वजन. वरचा हिशेब ध्यानात धरिला तर कळेल की दुर्बिणीचा प्रत्येक तोळा बैठकीवर पावणेतीनशे तोळे होऊन बसतो. म्हणून हलकी, आखूड, सरळ नळीची दुर्बीण बरी. बैठक पोलादी असावी, आणि धक्का स्क्रूंवर न पडता बैठकीच्या आडव्या दातावर पडावा अशी तिची घडण असावी. जर्मनीतील सूल गावचे कारागीर तिला असे आकडे लावीत की दुर्बीण क्षणात उतरवून नुसत्या माशीने नेम धरता यावा, आणि परत चढविली तरी नेम जागचा हलू नये. ते काम महाग होते, व महाग असावयास हवेच होते.

कड्यांची परीक्षा मात्र फुकट होते. कडीला लागून नळीवर पेन्सिलीची बारीक रेघ ओढावी आणि दहा बार काढावे. रेघ व कडी ह्यांत फट पडली तर दुर्बीण पुढे सरकते आहे असे समजावे; मग नेम रोज बदलतो आणि शिकारी दोष काडतुसास देत बसतो. धक्का खांद्यास किती लागला ह्यावरून दुर्बिणीस किती लागला हे ठरवू नये, हेही सांगितले पाहिजे. कमानीवर चालणारी हवेची बंदूक मुलाच्या खांद्यासही जड नसते, पण तिची कमान आधी मागे व मग पुढे असे दोन धक्के देते. हत्तीच्या बंदुकीवर टिकलेल्या दुर्बिणी तिने मोडल्या आहेत.

हे सारे ज्ञान येथवर येईतो नाशिकच्या रानात वाघ उरला नव्हता. आज जिल्ह्यात त्याची वस्ती नाही. बिबट्या मात्र राहिला. निफाड-सिन्नरच्या उसात तो जन्मतो, विहिरीत पडतो, कधी शहराच्या वस्तीतही शिरतो. तेव्हा वनखात्याचा माणूस जी बंदूक घेऊन येतो तिच्यावर हल्ली पुष्कळदा दुर्बीण असते; पण ती बंदूक दाबलेल्या वायूने गुंगीच्या औषधाची सुई फेकते. तिचा धक्का खांद्यास जाणवतही नाही. भुवईस भय नाही, बैठकीवर ताण नाही. तरी नेमाचे काम सोपे झालेले नाही, उलट फोरसिथने जी अडचण दूर केली होती ती येथे परत आली आहे. सुई इतकी सावकाश जाते की तीस-चाळीस मीटरांतही ती चांगलीच खाली पडते, म्हणून अंतर अचूक मोजून वायूचा दाब त्याप्रमाणे ठरवावा लागतो. दाब अधिक झाला तर सुई मांसात फार खोल घुसून इजा करते, कमी झाला तर ती टोचतच नाही. आणि नेम बरोबर लागला तरी बिबट्या जागच्या जागी पडत नाही. औषध अंगात भिनावयास काही मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात तो उसात शिरतो, आणि कोणीतरी हातात काठी घेऊन त्याच्या मागावर आत जातो.